'एम' : बंद कारखान्यातला खटला

मंडळी, २२ एप्रिल १९३१ या दिवशी ड्युसेलडॉर्फच्या कोर्टानं पीटर क्युर्टेन नावाच्या माणसाला नऊ खुनांबद्दल नऊ वेळा मृत्युदंड सुनावला. २ जुलैला कोलोनच्या तुरुंगात त्याला गिलोटिनवर मारलं. या दोन तारखांच्या मध्ये, ११ मे रोजी, बर्लिनच्या ऊफा-पालास्ट या भल्यामोठ्या थिएटरात एक सिनेमा लागला. त्यात एक माणूस लहान मुलींना फुगे आणि खाऊ घेऊन देतो आणि त्यांचा जीव घेतो. शेवटी त्याला पकडून त्याच्यावर खटला भरतात आणि याला मारायचं की नाही यावर भांडण होतं. म्हणजे प्रेक्षकाच्या खिशात घडी घालून ठेवलेल्या पेपरात जो प्रश्न होता तोच त्याच्यासमोर पडद्यावर होता. क्युर्टेन तेव्हा जिवंत होता, कोठडीत बसलेला होता.

हा सिनेमा म्हणजे फ्रिट्झ लांगचा 'एम'. पुढे जगभर सीरियल किलरवर जे सिनेमे निघाले त्यांचा हा आजोबा. भयपट म्हणावा की पोलिसपट, यावर अभ्यासक वाद घालतात. आम्ही त्यात पडत नाही. भीती वाटते एवढं खरं, आणि ती खून पाहून वाटत नाही, कारण सबंध सिनेमात एकही खून दाखवलेला नाही. आज आपल्याला बोलायचं आहे ते मुख्यतः शेवटच्या वीसेक मिनिटांवर, त्या खटल्यावर. तो खटला कोण चालवतं, कुणावर, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत त्या सगळ्यांचं काय झालं, हे पाहायचं आहे.

आधी काळ कसला होता ते बघू. १९३१च्या सुरुवातीला जर्मनीत बेकारांचा आकडा ५० लाखांच्या घरात गेला होता. सप्टेंबर १९३०च्या निवडणुकीत नाझी पक्ष १२ जागांवरून एकदम १०७ वर पोचला. रस्त्यावर मारामाऱ्या रोजच्या. आणि या सगळ्यात पेपरांना खुन्यांचं वेड लागलेलं. त्यालाही कारण होतं. हानोव्हरचा फ्रिट्झ हारमान, १९२५ साली त्याचं मुंडकं उडवलं. बर्लिनचा ग्रोसमान, त्यानं खटला संपायच्या आत कोठडीत गळफास लावून घेतला. सायलेशियातला डेंके. दहा वर्षांत एकामागून एक. हारमानवर तर पोरासोरांनी गाणं रचलं होतं. एका लोकप्रिय गाण्याच्या चालीवर, थांब जरा, तो कुऱ्हाड घेऊन येतोच आहे, अशा अर्थाचं. 'एम'ची सुरुवात त्याच गाण्यानं होते. वाड्याच्या चौकात मुलं गोल करून उभी आहेत, एक मुलगी गाणं म्हणत एकेकाला बाद करते. फक्त हारमानच्या जागी 'काळा माणूस' आला आहे. आपल्याकडे मुलांना बागुलबुवा दाखवतात तसा.

मग क्युर्टेन. १९२९ साली ड्युसेलडॉर्फमध्ये त्यानं जे केलं त्यानं सगळा देश हादरला. बाया, लहान मुली, एक पुरुषसुद्धा. सुरी, कात्री, हातोडा. पोलिसांना वाटायचं हे एकाचं काम नसावं. प्रेत कुठे पुरलं आहे त्याचा नकाशा काढून त्यानं पेपरला पाठवला. अफवा इतक्या की शेजारी शेजाऱ्याचं नाव पोलिसात देऊ लागला. आणि मे १९३०मध्ये सापडला तेव्हा हा कोण निघाला, तर नीटनेटके कपडे घालणारा, भांग व्यवस्थित पाडणारा, लग्न झालेला एक कामगार. बायकोला त्यानं स्वतःच सांगितलं, तू जाऊन कळव, बक्षीस तुला मिळेल.

या तपासात मदतीला बर्लिनहून एक अधिकारी गेला होता, एर्न्स्ट गेनाट. बर्लिनच्या खून-तपास विभागाचा प्रमुख. अंगानं अवाढव्य, केकचा शौकीन, चौकशीत कधी आवाज न चढवणारा. या गेनाटनं १९३०मध्ये क्युर्टेन प्रकरणावर लिहिताना एक शब्द वापरला, 'झेरिएनम्योर्डर'. आज आपण सहज 'सीरियल किलर' म्हणतो, त्याची जर्मन नोंद ही. 'एम'मधला इन्स्पेक्टर लोहमान उघडउघड गेनाटवर बेतलेला आहे. सिगार, पोट, खुर्चीत रेलून बसणं, सगळं तेच. लांग मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिला की आमचा खुनी म्हणजे क्युर्टेन नव्हे, पटकथा तो सापडायच्या आधीच तयार होती. असेल. पण प्रेक्षकानं कुणाला आठवून तिकीट काढलं असेल ते उघड आहे.

लांगच्या बोलण्याबद्दल एक सांगून ठेवतो, कारण पुढे ते लागेल. हा माणूस फार सुंदर गोष्टी सांगायचा. या सिनेमाचं आधीचं नाव होतं 'खुनी आपल्यातच आहे'. बर्लिनजवळ श्टाकेनला झेपेलिन विमानांच्या जुन्या हँगरमध्ये स्टुडिओ होता. तिथला व्यवस्थापक जागा द्यायला तयार होईना. लांगनं चिडून त्याच्या कोटाची कॉलर धरली तर आतल्या बाजूला नाझी बिल्ला हाताला लागला. नावातला 'खुनी' म्हणजे आपणच, असं त्या पक्षाला वाटलं होतं म्हणे. गोष्ट छान आहे, पण सांगणारा एकटा लांगच, म्हणून जपूनच घ्यावी. त्याची दुसरी गोष्ट याहून प्रसिद्ध आहे. १९३३मध्ये गोबेल्सनं बोलावून जर्मन सिनेमाची सूत्रं देऊ केली आणि लांग त्याच रात्रीच्या गाडीनं पॅरिसला निघून गेला, ती. पुढे त्याचा पासपोर्ट अभ्यासकांनी पाहिला. त्यावरच्या शिक्क्यांवरून दिसतं की त्यानंतरही काही महिने तो जर्मनीत येऊन-जाऊन होता. तर असा आपला साक्षीदार.

आता सिनेमा. लांगचा हा पहिला बोलपट. नवा खेळणा हातात आलेल्या माणसानं काय केलं असतं? सगळीकडे गाणी आणि गडगडाट भरला असता. लांगनं उलट केलं. पार्श्वसंगीत शून्य. मध्येच रस्त्यावरची रहदारी दिसते आणि आवाज काहीच नाही, आणि मग एकदम शिट्टी, पळणारी पावलं. एकच सूर सिनेमाभर येतो, खुन्याची शीळ. ग्रीग या नॉर्वेच्या संगीतकाराची चाल आहे ती. खुनी झालेल्या पीटर लोरेला शीळ वाजवता येत नव्हती, म्हणून लांगनं स्वतः वाजवली असं सांगतात.

पहिली दहा मिनिटं तर आम्ही किती वेळा पाहिली त्याची गणती नाही. बेकमान बाई, कपडे धुऊन पोट भरणारी. एक शेजारीण कपड्यांचं ओझं घेऊन येते आणि चौकातल्या पोरांच्या त्या अभद्र गाण्यावर चिडते. बेकमान बाई तिला म्हणते, गाताहेत तोवर ती आहेत एवढं तरी कळतं. हे वाक्य लक्षात ठेवा. मग घड्याळात बारा. पोरगी शाळेतून यायची वेळ. बाई ताट मांडते. पोरगी, एल्झी, रस्त्यात चेंडू आपटत चालली आहे, आणि तो चेंडू ती ज्या खांबावर मारते त्यावर खुन्याला पकडून देणाऱ्यास १०,००० मार्कांचं बक्षीस असल्याची जाहिरात आहे. त्या जाहिरातीवर एका माणसाची सावली पडते आणि सावली म्हणते, चेंडू किती छान आहे तुझा. खुनी असा येतो. मग आंधळ्या फुगेवाल्याकडून फुगा. इकडे दारावर टकटक होते, बाई धावत जाते, तर हप्त्याहप्त्यानं निघणाऱ्या सनसनाटी कादंबरीचा नवा भाग घेऊन माणूस आलेला. लांगचा खवचटपणा बघा, आईच्या दारात भीती विकायला आलेला माणूस! मग बाई हाका मारते. रिकामा जिना. माळ्यावर वाळत घातलेले कपडे. रिकामं ताट. झुडपातून घरंगळत आलेला चेंडू. तारांत अडकलेला फुगा. बस्स. हाकेला उत्तर नाही, गाणंही नाही.

यानंतर शहराचं काय होतं ते लांग भराभर दाखवतो. चार प्रतिष्ठित गृहस्थ टेबलाभोवती पेपर वाचताहेत आणि एक दुसऱ्याला म्हणतो, तूच तो. रस्त्यात एक लहान मुलगी एका म्हाताऱ्याला किती वाजले विचारते, तो सांगतो, आणि भोवती जमाव. एका खिसेकापूला बसमधून उतरवताना तो पोलिसाला टोमणा मारतो की त्यापेक्षा तो पोरांना मारणारा पकडा. अर्धवट ऐकलेली गर्दी त्यालाच खुनी समजून त्याच्यावर धावते. दोन साक्षीदार पोलिसांपुढे भांडतात, टोपी लाल होती, नाही हिरवी होती. हे सगळं ड्युसेलडॉर्फला होऊन गेलेलंच होतं.

रोज रात्री धाडी पडू लागतात आणि बर्लिनच्या चोरांचा धंदा बसतो. इथून सिनेमा खरा चालू होतो. चोरांची बैठक भरते, खुनी आपणच पकडायचा म्हणून. लांग एक वाक्य चोरांच्या बैठकीत सुरू करतो आणि पोलिसांच्या बैठकीत संपवतो. इकडे धूर, तिकडे धूर. इकडे टेबलावर मुठी, तिकडे टेबलावर मुठी. कोण कुठला, क्षणभर कळेनासं होतं.

ही संघटना लांगच्या डोक्यातून निघालेली नव्हती. बर्लिनमध्ये 'रिंगफेराइन' म्हणत अशी मंडळं होती. कागदोपत्री क्रीडामंडळ, बचत मंडळ, सुटलेल्या कैद्यांना मदत करणारी संस्था. आतून सगळे घरफोडे, तिजोरीफोडे, दलाल. त्यांची वर्गणी असायची, नियम असायचे, सभासद मेला की उंच हॅट घालून मोठी अंत्ययात्रा निघायची. यातल्या 'इमरट्रॉय', म्हणजे 'सदा एकनिष्ठ', या मंडळाची १९२८च्या अखेरीस हॅम्बुर्गच्या सुतारांशी एका स्टेशनाजवळ इतकी मोठी मारामारी झाली की खटला गाजला, नामांकित वकील उभे राहिले आणि शिक्षा किरकोळ झाल्या. बर्लिनकरांना ही माणसं भयंकर वाटायची आणि थोडी आवडायचीही.

पोलीस कागदावरून शोध घेतात. मनोरुग्णालयांतून सुटलेल्यांच्या याद्या, खिडकीच्या लाकडावर उमटलेल्या लाल पेन्सिलीच्या खुणा, एका विशिष्ट सिगारेटची थोटकं. चोर शोध घेतात भिकाऱ्यांकडून. शहराचा कोपरा न् कोपरा भिकाऱ्यांना वाटून दिला जातो. आणि ओळखतो कोण, तर आंधळा फुगेवाला. त्यानं ती शीळ ऐकलेली असते. एक पोरगा आपल्या तळहातावर खडूनं 'एम' काढतो, धडपडल्याचं नाटक करून खुन्याच्या खांद्यावर हात मारतो आणि ओव्हरकोटावर अक्षर उमटतं. 'म्योर्डर'मधला एम. मराठीतही 'मारेकरी' मधला म चालून जातो, हा निव्वळ योगायोग, पण आम्हाला तो फार आवडतो.

ऑफिसांच्या एका इमारतीत रात्री भिंती फोडून त्याला बाहेर काढतात, चादरीत गुंडाळतात आणि बंद पडलेल्या दारूच्या कारखान्याच्या तळघरात नेतात. तो पायऱ्यांवरून खाली ढकलला जातो, वळतो, आणि समोर शेकडो माणसं गप्प बसलेली. कॅमेरा त्या चेहऱ्यांवरून हळूहळू फिरतो. यांत खरे गुन्हेगार होते, चित्रीकरण चालू असताना काहींना पोलिसांनी धरलं, असं लांग सांगायचा. पुन्हा जपून.

अध्यक्षस्थानी 'श्रेंकर', म्हणजे तिजोरीफोड्या. काळा चामडी कोट, हातमोजे, गोल हॅट. त्याचं म्हणणं एकदम सरळ. तू स्वतःच म्हणतोस की तुझा इलाज चालत नाही. मग कोर्टात कलम ५१ लावशील, वेड्यांच्या इस्पितळात सरकारी खर्चानं राहशील, पळशील नाहीतर माफी मिळवशील, आणि पुन्हा पोरींच्या मागे लागशील. म्हणून तुला नष्ट करायला हवं. हे कलम ५१ म्हणजे जर्मन दंडसंहितेतलं, मनाचा ताबा नसताना केलेल्या कृत्याला शिक्षा नाही असं सांगणारं. आणि हा वाद तेव्हा अगदी ताजा होता. प्रशियात काही वर्षं मृत्युदंडाची अंमलबजावणी जवळजवळ थांबलेली होती, तो कायद्यातूनच काढावा असं म्हणणारे लोक संसदेत होते. क्युर्टेनच्या निमित्तानं तो पुन्हा सुरू करायचा का, हा प्रश्न सरकारपुढे होता.

यावर लोरे जे बोलतो ते सिनेमाच्या इतिहासातलं एक मोठं भाषण. गुडघ्यांवर, डोळे बाहेर आलेले, हात स्वतःच्याच गळ्याकडे जातात. त्याचा मुद्दा असा की तुम्ही चोऱ्या करता, कारण दुसरं काही शिकला नाहीत, मनात आणलंत तर सोडू शकाल. मला ते सोडता येत नाही. कुणीतरी सतत मागे लागलेलं असतं आणि तो मीच असतो. नंतर काय केलं ते मला भिंतीवरच्या जाहिरातीत वाचावं लागतं. हे ऐकताना गर्दीत दोन-तीन माणसं नकळत मान हलवतात. मग एक बाई ओरडते, आयांना विचारा. आणि तीही खरीच ओरडते. त्याच्या बाजूनं एक वकील नेमलेला असतो, थोडा पिऊन असलेला. तो उठून सांगतो की या कोर्टाचे सन्माननीय अध्यक्ष तीन मनुष्यवधांसाठी पोलिसांना हवे आहेत. हशा पिकतो. तो पुढे म्हणतो, आजारी माणसाला डॉक्टरकडे देतात, जल्लादाकडे नाही. गर्दी त्याला बोलू देत नाही.

पीटर लोरे तेव्हा २६ वर्षांचा होता. मूळ नाव लाझ्लो ल्योवेनश्टाइन, ज्यू, जन्म तेव्हाच्या हंगेरीतला, आज ते गाव स्लोव्हाकियात आहे. त्याच फेब्रुवारीत तो रंगभूमीवर ब्रेख्टच्या 'मान इस्ट मान'मध्ये मुख्य काम करत होता.

आता गंमत बघा, गंमत म्हणवत नाही खरं तर. मे १९३१मध्ये गोबेल्सनं हा सिनेमा पाहिला आणि डायरीत लिहून ठेवलं. त्याला तो अतिशय आवडला. मानवतेच्या गुळमुळीत भावनांना चपराक, मृत्युदंडाच्या बाजूचा सिनेमा, असा त्याचा निष्कर्ष. हा लांग एक दिवस आपला दिग्दर्शक होईल, असंही. एकानं तळघरात जमावाची भीती पाहिली, दुसऱ्यानं त्याच तळघरात आपलं न्यायालय पाहिलं. झिगफ्रीड क्राकाउअर या समीक्षकानं पुढे १९४७ साली लिहिलं की हा सिनेमा दोन टोकांमध्ये हेलकावत राहतो. आमचं मत जरा निराळं आहे. हेलकावे सिनेमाचे नाहीत, बघणाऱ्याचे आहेत. एल्झीचं ताट आपण आधी पाहिलेलं आहे, त्यामुळे श्रेंकर बोलतो तेव्हा आपलीही मान हलते, आणि लोरे बोलतो तेव्हाही हलते. तीन मनुष्यवधांवरचा हशा हा लांगनं ठेवलेला दगड आहे, त्याला ठेच लागली तर लागली. गोबेल्सला लागली नाही.

जानेवारी १९३३मध्ये हिटलर चॅन्सेलर झाला. आता आपण त्या तळघरातल्या एकेकाकडे जाऊ.

आरोपी, म्हणजे लोरे, त्याच वर्षी जर्मनीतून निघाला. व्हिएन्ना, पॅरिस, लंडन, मग हॉलिवूड. निर्माता झेमूर नेबेन्झाल, तोही ज्यू, पॅरिसला गेला. न्यायाधीश, म्हणजे श्रेंकर झालेला गुस्टाफ ग्र्युंडगेन्स, तिथेच राहिला. १९३४पासून ग्योरिंगच्या आश्रयाखाली बर्लिनच्या सरकारी नाट्यगृहाचा प्रमुख झाला. १९३६ साली क्लाउस माननं परदेशातून 'मेफिस्टो' ही कादंबरी प्रसिद्ध केली, तिचा नायक याच्यावरून घेतलेला.

आणि ज्यांच्या भूमिका ही मंडळी करत होती ते खरे तिजोरीफोडे? रिंगफेराइनवर नाझींनी बंदी घातली. नोव्हेंबर १९३३मध्ये प्रशियाच्या पोलिसांना 'धंदेवाईक गुन्हेगारांना' कुठल्याही नव्या गुन्ह्याविना छावणीत डांबायचा अधिकार मिळाला. त्याच महिन्यात सराईत गुन्हेगारांविरुद्धचा कायदा आला. या माणसांच्या कपड्यांवर पुढे छळछावण्यांत हिरवा त्रिकोण शिवलेला असे. खांद्यावर खडूचं अक्षर उमटवणाऱ्यांच्या छातीवर आता खूण होती. श्रेंकरनं तळघरात मांडलेला युक्तिवादच त्यांच्यावर लागू झाला, की हा सुधारणार नाही, पुन्हा करणार, मग खटल्याची गरज काय. कलम ५१च्या आधारानं जी माणसं इस्पितळांत जात तिथेही १९३९पासून मनोरुग्णांना पद्धतशीर मारण्याचं काम सुरू झालं. सिनेमात हे भाकीत केलेलं होतं असं आम्ही म्हणत नाही. लांग ज्योतिषी नव्हता. तो फक्त बर्लिनच्या बिअरच्या टेबलांवर जे बोललं जात होतं ते नीट ऐकत होता.

'एम'वर जुलै १९३४मध्ये बंदी आली. तरी त्याचा एक तुकडा मात्र नाझींनी जपून ठेवला. १९४०च्या 'डेर एविगे यूडे' या ज्यूद्वेषी प्रचारपटात लोरेचं ते गुडघ्यांवरचं भाषण मूळ संदर्भातून उचलून घातलं आहे, ज्यू नट खुन्याची कीव करायला लावतात हे दाखवायला. ज्या सिनेमावर गोबेल्स खूश होता त्यातलंच ते दृश्य, नऊ वर्षांनी त्याच्याच खात्याच्या प्रचारपटात.

आता एका व्यक्तीचं नाव आपण अजून घेतलेलं नाही आणि आपल्या श्रोत्यांना ते ऐकायचं असेल. लांगच्या बरोबरीनं ही पटकथा लिहिली त्याच्या बायकोनं, थेआ फोन हार्बूनं. 'मेट्रोपोलिस'ही तिचाच. बर्लिनच्या पोलिस मुख्यालयात जाऊन दोघांनी माहिती गोळा केली होती. हिंदुस्थान न पाहता तिनं १९१८मध्ये हिंदुस्थानातल्या एका समाधीवर अद्भुत कादंबरी लिहिली होती. आणि मग तिच्या आयुष्यात आला एक मराठी माणूस. आयी गणपत तेंडुलकर. विजय तेंडुलकर नव्हेत. हे बेळगावजवळच्या बेळगुंदीचे, शिकायला युरोपात गेले, बर्लिनमध्ये पत्रकारिता करू लागले. थेआ त्यांच्यापेक्षा बरीच मोठी होती. १९३३मध्ये लांगशी घटस्फोट झाला आणि पुढे तिनं तेंडुलकरांशी गुपचूप लग्न केलं, कारण नाझी जर्मनीत इतक्या प्रसिद्ध बाईला हिंदी माणसाशी उघड लग्न करता येण्यासारखं नव्हतं. बर्लिनमधल्या हिंदी विद्यार्थ्यांना ती मदत करायची. आणि हीच बाई नाझी पक्षाची सभासद होती, त्या राजवटीत सिनेमे लिहीत राहिली. हे दोन्ही एकाच बाईबद्दल खरं आहे, आणि एक सांगून दुसरं झाकायचं कारण नाही. युद्ध सुरू व्हायच्या सुमारास तेंडुलकर मायदेशी परतले. बेळगावात त्यांनी 'वार्ता' हे मराठी पत्र काढलं, इंग्रजांनी त्यांना तुरुंगात टाकलं, आणि १९४५मध्ये गांधीजींच्या संमतीनं सेवाग्रामला इंदुमती गुणाजी यांच्याशी त्यांचं लग्न झालं. त्याच वर्षी तिकडे थेआला इंग्रजांनीच काही काळ अटकेत ठेवलं होतं. सुटल्यावर तिनं बर्लिनमध्ये पडक्या घरांचे दगडविटा उचलले. १९५४मध्ये तिच्या एका जुन्या मूकपटाच्या खेळानंतर ती पडली आणि त्या दुखापतीतून उठली नाही.

लांगनं अमेरिकेत गेल्यावर पहिला सिनेमा काढला तो १९३६चा 'फ्युरी'. विषय पुन्हा जमाव. निरपराध माणसाला जाळायला निघालेलं गाव. लोरे युद्धानंतर जर्मनीत परत आला आणि आयुष्यात एकच सिनेमा स्वतः दिग्दर्शित केला, १९५१चा 'डेर फेरलोरेने'. युद्धकाळात एक शास्त्रज्ञ आपल्या वाग्दत्त वधूचा गळा दाबतो, आणि तो कामाचा माणूस म्हणून गेस्टापो खून मिटवून टाकतं. मग त्याला पुन्हा मारावंसं वाटू लागतं. म्हणजे 'एम'च्या वेळचा प्रश्न लोरेनं उलटा केला. खुन्याला शहर शोधत नाही, सरकार त्याला पाठीशी घालतं. लोकांना असला आरसा तेव्हा नको होता. सिनेमा पडला आणि लोरे अमेरिकेला परतला.

शेवटचं, प्रतीबद्दल. तळघरात जमाव खुन्यावर धावतो तेवढ्यात सगळे एकदम हात वर करतात. पोलीस आलेले आहेत, पण आपल्याला दिसतो फक्त खांद्यावर पडलेला एक हात आणि ऐकू येतं, कायद्याच्या नावानं. तिथून थेट खरं कोर्ट. न्यायाधीश येऊन बसतात, म्हणतात, जनतेच्या नावानं, आणि निकाल ऐकायच्या आत दृश्य बदलतं. बाकावर काळ्या कपड्यांतल्या तीन बायका. मधली बेकमान बाई. यानं आमची पोरं परत यायची नाहीत, पोरांवर लक्ष ठेवायला हवं, एवढं ती म्हणते. शिक्षा काय झाली ते लांग सांगतच नाही. युद्धानंतर बरीच वर्षं या सिनेमाच्या ज्या प्रती फिरत होत्या त्यांत हा शेवट नव्हताच. तळघरातच सिनेमा संपायचा, शिवाय शांततेच्या जागी नंतर आवाज भरलेले. मूळ सिनेमा ११७ मिनिटांचा होता. तो सगळा आज मिळत नाही. जुन्या निगेटिव्हवरून दुरुस्त केलेली प्रत साधारण ११० मिनिटांची आहे आणि आपण आता तीच लावतो आहोत. सुरुवातीला थोडा वेळ पडदा काळाच राहील. प्रोजेक्टर बिघडलेला नाही. मुलीचा आवाज आधी येतो.